न गाळलेल्या पाण्याच्या काठाने: क्वाबिनचे तीन दिवस

बॉस्टनच्या नळाला येणारं पाणी गाळलेलं नसतं. ओझोन, अतिनील किरण, क्लोरीन हे सगळे सोपस्कार होतात, पण वाळूच्या थरांतून पाणी झिरपवणारी गाळणी या व्यवस्थेत कुठेच नाही. ते काम मॅसॅच्युसेट्सच्या मध्यभागचं एक जंगल करतं आणि त्या जंगलाच्या मधोमध क्वाबिन जलाशय आहे. अमेरिकेच्या १९८९च्या केंद्रीय नियमाप्रमाणे नदी-तलावांचं पाणी गाळूनच पुरवावं लागतं. ज्यांचं पाणी मुळातच स्वच्छ राहतं अशा मोजक्या ठिकाणांना त्यातून सूट मिळते. गढूळपणा ५ एककांच्या आत हवा, आणि सहा महिन्यांतल्या निदान ९० टक्के नमुन्यांत विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जिवाणू दर १०० मिलिलिटरला २० पेक्षा जास्त सापडता कामा नयेत. क्वाबिनला ही सूट आहे. पाट्यांवरची ‘हे नाही, ते नाही’ची लांबलचक यादी इथूनच सुरू होते, हे लक्षात ठेवून गेलं की तीन दिवसांत कुठेही चिडचिड होत नाही.

आधी आकाराचा अंदाज. बॉस्टनपासून साधारण १०५ किलोमीटर पश्चिमेला, उत्तर-दक्षिण पसरलेला, २९ किलोमीटर लांब. भरल्यावर पाण्याचं क्षेत्र १०१ चौरस किलोमीटर, बेटं धरून काठ २९० किलोमीटरच्या आसपास. साठा ४१२ अब्ज गॅलन, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ५५ टीएमसी, कोयनेच्या निम्म्याहून थोडा जास्त. या काठावरून त्या काठावर नेणारा एकही पूल नाही, आणि सहलीची पहिली चूक इथेच होते. फोनच्या नकाशात नुसतं ‘क्वाबिन’ टाकलं तर तो कुठल्या तरी भलत्याच काठावर नेऊन सोडतो आणि मग अख्ख्या जलाशयाला वळसा पडतो. इथे पत्ता म्हणजे गेटचा क्रमांक. जलाशयाभोवती पन्नासहून अधिक लोखंडी गेटं आहेत, नैऋत्येकडून सुरू होऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने क्रमांक चढत जातात. ‘गेट ४०, पीटरशॅम, रूट ३२ए’ असं संपूर्ण लिहून ठेवावं आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा. जंगलात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

आत मुक्काम नाही, तंबू नाही, शेकोटी नाही. राहायचं ते बेलचरटाउन, वेअर किंवा जरा पश्चिमेच्या ॲम्हर्स्टला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा सर्वांत सोयीचा: मेपलची पानं रंगायला लागलेली असतात, डास संपलेले असतात आणि बोटींचा हंगाम अजून उरलेला असतो. तो एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतो. जलाशयाचा परिसर सूर्योदयाच्या एक तास आधी उघडतो आणि सूर्यास्तानंतर एका तासाने बंद होतो. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आतच मावळतो, म्हणजे सव्वासातच्या सुमारास गेटाबाहेर असायला हवं.

पहिला दिवस: धरणाची भिंत आणि क्वाबिन पार्क

रूट ९ वर बेलचरटाउन आणि वेअर यांच्यामध्ये क्वाबिन पार्कची तीन प्रवेशद्वारं लागतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पश्चिमेच्या दाराने आत शिरून आधी माहिती केंद्रात जायचं आणि गेटांचा कागदी नकाशा घ्यायचा. कुठल्या गेटातून सायकल चालते, कुठे फक्त पायी जायचं, काठाचा कुठला भाग बंद आहे, हे सगळं त्या नकाशावर असतं. उरलेले दोन दिवस त्याच्याच भरवशावर काढायचे आहेत.

केंद्राजवळच विन्सर धरणाची भिंत आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती भिंत वाटतच नाही, गवताची लांबट टेकडी वाटते. लांबी २,६४० फूट, म्हणजे नेमका अर्धा मैल. नदीपात्रापासून उंची १७० फूट. मातीचं धरण आहे आणि बांधणीची रीत बघण्यासारखी. माती पाण्यात कालवून पाइपातून दोन्ही कडांना सोडली. जड वाळू-खडी कडेलाच बसली आणि बारीक चिकणमाती पाण्याबरोबर मधल्या डबक्यात जाऊन थराथराने साचली. त्यातून पाणी अडवणारा गाभा आपोआप तयार झाला. त्या गाभ्याखाली काँक्रीटच्या पेट्या खडकापर्यंत उतरवून सलग पडदा केला आहे, नाहीतर पाण्याने भिंतीखालून वाट काढली असती. भिंतीवर गाड्या सोडत नाहीत. चालत किंवा सायकलने टोकाला जाऊन परत यायला तासभर पुरतो. वारा उत्तरेकडून सरळ अंगावर येतो, तेव्हा ऊन असलं तरी वाऱ्याचं जाकीट बरोबर असावं.

पूर्वेच्या टोकाशी सांडवा आहे. १४ ऑगस्ट १९३९ ला पाणी अडवायला सुरुवात झाली आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरून सांडला तो १९४६ मध्ये. सात वर्षं! ऑक्टोबरात सांडवा बहुतेक कोरडाच असतो. वाहताना पाहायचा असेल तर बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये यावं.

धरणाखाली स्विफ्ट नदी पुन्हा सुरू होते. जलाशयाच्या खोल थरातलं पाणी सोडल्यामुळे ती भर उन्हाळ्यातही गार असते, म्हणून तिथे ट्राउट टिकतात. धरणापासून रूट ९ पर्यंतच्या पट्ट्यात फक्त फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशी लावलेल्या गळाने मासेमारी, आणि धरलेला मासा परत सोडायचा. गुडघाभर पाण्यात उभी माणसं इथे दिसतात आणि वर जलाशयात हाताचं बोट बुडवायलाही बंदी, हे पाहून नवखे चक्रावतात. पण धरणातून नदीत सोडलेलं पाणी नळाच्या वाटेवरून आधीच बाहेर पडलेलं असतं.

दुपारी एनफिल्ड लुकआउट. खाली दिसणाऱ्या पाण्यात एनफिल्ड गाव होतं. एनफिल्ड, डेना, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चारही गावं २८ एप्रिल १९३८ ला कायद्याने रद्द झाली आणि सुमारे अडीच हजार माणसं धरणग्रस्त झाली. आदल्या रात्री एनफिल्डच्या सभागृहात निरोपाचा नाच झाला होता, मध्यरात्री चारही गावांचं अस्तित्व संपलं. या कठड्यावर दुर्बीण हवीच, ८×४२ ची पुरेशी होते. बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, इथे १९८२ पासून पिल्लं आणून, वाढवून पुन्हा वसवले. पाण्याकडे बघत बसण्यापेक्षा काठावरच्या उंच पांढऱ्या पाइनचे शेंडे एकेक करून तपासावेत, पांढरं डोकं तिथेच सापडतं. हिवाळ्यात पाणी गोठल्यावर बर्फावर पडलेल्या हरणाच्या सांगाड्याभोवती ते जास्त सहज दिसतात.

परत जाताना रूट ९ वरच्या क्वाबिन पार्क दफनभूमीत अर्धा तास काढावा. बुडीत क्षेत्रातून ७,६१३ थडगी हलवली, त्यातली बहुतेक इथे आहेत. चारही गावांची युद्धस्मारकंसुद्धा आणून मांडली आहेत. दगडांवरची सालं पाहिली तर धरणाच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची सहज सापडतात.

दुसरा दिवस: बोट

आज पाण्यावर. बोटी सोडायच्या जागा तीनच: पश्चिमेला गेट ८, उत्तरेला न्यू सेलमचं गेट ३१ आणि पूर्वेला हार्डविकचं गेट ४३. तिन्हीकडे हंगामात बोट भाड्याने मिळते. पाहुण्याने दुसरा विचार न करता भाड्याचीच घ्यावी. कारण समजून घेण्यासारखं आहे.

२००९ मध्ये याच राज्याच्या पश्चिम टोकाला, ली गावच्या लॉरेल लेकमध्ये झेब्रा शिंपले सापडले. हा नखाएवढा शिंपला पाण्याच्या पाइपांत, जाळ्यांत आणि पंपांत थरावर थर चढवून ते बुजवतो. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीच्या तळाशी साचलेल्या पेलाभर पाण्यातूनही ती दुसऱ्या तळ्यात पोचतात. क्वाबिनच्या पाण्यात कॅल्शियम कमी असल्यामुळे झेब्रा शिंपल्याला कवच बांधणं इथे जड जातं, ही जमेची बाजू. पण युरेशियन मिलफॉइलसारख्या पाणवनस्पतीला असली अडचण नाही. तिचा बोटभर तुकडा प्रोपेलरला अडकून आला तरी मूळ धरतो, आणि एकदा पसरली की उथळ खाड्या भरून टाकते. वनस्पती कुजल्या की पाण्यात सेंद्रिय पदार्थ वाढतात, त्यांचा क्लोरीनशी संयोग होऊन नको ती संयुगं तयार होतात, आणि गाळणी नसल्यामुळे ते मधे कुठे अडत नाहीत.

म्हणून खासगी बोटीला आधी निर्जंतुक करून घ्यावं लागतं. एक वाट गरम पाण्याची: १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियसच्या पाण्याने बोट, ट्रेलर, मोटर, आतले कप्पे सगळं धुतात. दुसरी वाट हिवाळ्याची: बोट तपासून, सील लावून थंडीभर पाण्याबाहेर ठेवायची. दोन्हींच्या तारखा आधी ठरवाव्या लागतात. पास झालेली बोट ट्रेलरला सीलच्या तारेने जखडतात. पुढच्या खेपेला ते सील अखंड दिसलं तरच बोट पाण्यात उतरते. मधल्या काळात एकदाच दुसऱ्या तळ्यात उतरवली आणि सील तुटलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सकाळी सहाला रांगेत येऊन ‘बोट तर कोरडी आहे’ अशी हुज्जत घालणारे हमखास भेटतात आणि हमखास परत जातात. भाड्याची बोट या जलाशयाबाहेर पडतच नाही, तिला यातलं काही लागत नाही.

पण भाड्याने घेतली तरी तुमचं सामान बाहेरूनच येतं. गळ, जाळं, बूट, दोर, नांगर ही सगळी मंडळी दुसऱ्या तळ्यात वापरलेली असतील तर आधी गरम पाण्याने धुऊन पाच-सहा दिवस कडकडीत वाळवावीत. फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या तंतूंचे तळ असलेले बूट आणूच नयेत, फेल्ट आतून वाळत नाही.

परवान्याचं असं: इथली बोट मासेमारीसाठीच आहे, हौसेच्या फेरफटक्यासाठी नाही. १५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मॅसॅच्युसेट्सचा गोड्या पाण्याचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, तीन दिवसांचाही मिळतो. आदल्या रात्रीच काढून छापून ठेवावा, धक्क्यावर रेंज शोधत बसायची वेळ येऊ नये. शिसं आणू नका. २०१२ पासून राज्यभर १ औंसाखालच्या, म्हणजे २८ ग्रॅमपेक्षा हलक्या शिशाच्या वजनांना गोड्या पाण्यात बंदी आहे. क्वाबिनमध्ये ती त्याही आधीपासून आहे. लून हा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतो, त्यात शिशाची गोळी गेली की विषबाधेने मरतो. टंगस्टन किंवा स्टीलची वजनं घ्यावीत.

गेट ४३ वरून निघावं ते सकाळी, वारा पडलेला असताना. जलाशय उत्तर-दक्षिण लांबट आणि डोंगरांच्या मधे, त्यामुळे वारा त्या रेषेतच धावतो आणि दुपारी बघता बघता लाटा उसळतात. छोट्या ॲल्युमिनियमच्या बोटीला वाऱ्याकडे तोंड करून कापणं जमतं, आडव्या लाटेत ती नुसती डुलत पाणी घेते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, परतीला वारा पाठीशी ठेवायचा. उलटं करणाऱ्यांचं पेट्रोल किंवा दम, दोन्हीपैकी एक परतीच्या वाटेत संपतं. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची. जागा जलाशयाची आहे, काठावर वस्ती नाही आणि हाक ऐकायला कुणी नसतं.

बेटांवर उतरायला मनाई आहे. धरणाच्या भिंतींजवळचा दक्षिणेकडचा भाग आणि पाणी उचलण्याच्या जागांचा परिसर बोटींना बंद आहे. हार्डविकच्याच बाजूला शाफ्ट १२, म्हणजे बोगद्यात उतरणारी उभी विहीर आहे. इथून पाणी जमिनीखालच्या सुमारे ४० किलोमीटरच्या बोगद्यातून उताराने वाचुसेट जलाशयाकडे जातं, पंप लागत नाही. गंमत अशी की हाच बोगदा कधी कधी उलटाही वाहतो. वेअर नदीला पूर आला की तिचं जादा पाणी मधल्या शाफ्टातून बोगद्यात घेऊन पश्चिमेला क्वाबिनमध्ये आणतात. आलेलं नदीचं पाणी सरळ शाफ्ट १२ कडे पळू नये म्हणून बेटांमध्ये आडबंधारे घालून त्याला लांबचा वळसा दिला आहे. त्या प्रवासात गाळ खाली बसतो. फिल्टर नाही म्हणताना हा वळसाही हिशेबात धरायला हवा.

गळाला काय लागेल? खडकाळ काठांना स्मॉलमाउथ बास, खोल गार थरात लेक ट्राउट आणि समुद्राला न जाणारा सॅमन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरचं पाणी निवू लागलेलं असतं, पण थर अजून पुरते मिसळलेले नसतात. ट्राउट हवा असेल तर गळ चांगला खोल सोडावा लागतो.

आणि आता एक विसंगती. इतकं राखलेलं पाणी, पण त्यातल्या माशांत पारा आहे. कोळशाच्या धुरातून हवेत गेलेला पारा पावसाबरोबर जगभर पडतो, तळाच्या चिखलातले जिवाणू त्याला मिथाइल रूप देतात आणि लहान माशाला मोठा मासा खाता खाता तो शेवटच्या माशात साठत जातो. पाण्यात तो इतका कमी असतो की पिण्याला धोका नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचनेत क्वाबिनचे स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ असे दोन्ही जातींचे बास आणि २४ इंचांहून मोठे लेक ट्राउट कुणीच खाऊ नयेत असं आहे. गर्भवती आणि १२ वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना आणखी कडक आहे. सॅमन आणि २४ इंचांखालचा ट्राउट चालतो. तेव्हा मोजपट्टी न्यावी, आणि खाण्याआधी चालू यादी एकदा पाहावी. बास सोडून देणं सर्वांत सोपं.

तिसरा दिवस: डेना आणि दगडी पूल

सकाळी रूट ३२ए ने पीटरशॅमच्या गेट ४० ला. गेटासमोर गाडी लावू नये. ते आगीच्या बंबासाठी मोकळं ठेवायचं असतं, आडवी लावलेली गाडी उचलून नेतात. बाजूच्या मोकळ्या पट्टीत जेमतेम काही गाड्या मावतात, म्हणून रविवारी नऊच्या आत पोचावं.

गेटातून जुन्या डांबरी रस्त्याने डेना कॉमन, म्हणजे डेना गावचा जुना चौक, साधारण २.९ किलोमीटर. चढ-उतार फारसा नाही, सायकललाही परवानगी आहे. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं जंगलात शिरताना दिसतात, ही एके काळची शेतं. डेना कॉमन बुडालेलं नाही. ते उंचावर होतं, पाणी इथवर आलंच नाही. पण पाणलोट क्षेत्रात वस्ती नको म्हणून घरं पाडली, माणसं उठवली. आज चौकाभोवती पायऱ्या, तळघरांचे चौकोनी खड्डे आणि शाळा, हॉटेल, सभागृहाच्या जोत्यांच्या खुणा उरल्या आहेत. शेजारी जुनी छायाचित्रं लावलेली आहेत. मधोमध १८०१-१९३८ असं कोरलेला दगड आहे. २०१३ मध्ये हा चौक राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेला. तळघरांच्या कडांवर उभं राहू नका, पानांखाली दगड सुटे असतात. मातीत बाटलीचा तुकडा, दाराची बिजागरी सापडली तर तिथेच राहू द्या. धातुशोधक यंत्र आणणं आणि वस्तू उचलणं दोन्ही नियमाबाहेर.

डबा इथे खायचा, पण थंडच. चूल, गॅस, दारू चालत नाही. कचरापेट्या शोधू नका. आणलेलं सगळं, फळांची सालंसुद्धा, परत न्यायचं. बहुतेक गेटांच्या आत शौचालय नाही, त्यामुळे ते काम आधी उरकून यावं. संकोच वाटला तरी मुद्दा महत्त्वाचा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यातला परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, ओझोन आणि अतिनील किरणांनीच मरतो. कुत्री आणि घोड्यांना पूर्ण बंदी आहे तीही विष्ठेमुळेच. कुत्रा गाडीत बसवून ठेवू, हा विचारसुद्धा सोडून द्यावा. सीगल पक्षी कचरा डेपोवर खाऊन रात्री पाण्यावर येऊन बसतात म्हणून त्यांनाही आवाज करून हुसकावतात. तेव्हा आपल्यालाच वेगळं वागवतात असं कुत्र्यांच्या मालकांनी समजू नये.

हरणांनाही सूट नाही. १९९१ पर्यंत इथे शिकार पूर्ण बंद होती. हरणं इतकी वाढली की ओक-मेपलची रोपं गुडघ्यापर्यंत येण्याआधीच खुडली जात. म्हातारं जंगल वादळात पडलं तर मागे उभं राहायला कोवळं काही नव्हतं. तेव्हापासून थंडीच्या तोंडाशी मर्यादित, परवान्याची शिकार होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येणार असाल तर कुठला भाग बंद आहे ते विचारून यावं आणि अंगात नारिंगी जाकीट असावं.

हरणं आहेत तिथे गोचिडी आल्याच. लाइम रोगाची गोचिडी तिळाएवढी असते आणि ऑक्टोबरात प्रौढ माद्या पुन्हा कामाला लागलेल्या असतात. फिकट रंगाची पँट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली, बुटांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आधीच मारून वाळवलेलं. रस्त्याच्या मधून चाललं तर धोका फारच कमी, गवताला घासत जाणारा तिला घरी नेतो.

दुपारनंतर रूट १२२ ने न्यू सेलमकडे, गेट ३०. आत थोडंच चालल्यावर कीस्टोन पूल लागतो. १८६६ मध्ये चुना न वापरता, दगडावर दगड रचून केलेली कमान. खालून स्विफ्टची मधली शाखा वाहते. पुलावरून दिसतो तो नुसता रस्ता, म्हणून कडेने जपून खाली उतरून कमान पाहावी. पानं ओली असतील तर नाही उतरलेलं बरं. पाय अजून शिल्लक असतील तर जवळच्या गेट ३५ मधून जुन्या रेल्वेच्या सपाट मार्गावर काठाकाठाने चालता येतं. ही गाडी दर थोड्या अंतरावर थांबे म्हणून लोक तिला ‘रॅबिट’ म्हणत. रूळ कधीच उखडले, पण उतार रेल्वेचाच असल्यामुळे दमणूक होत नाही. पश्चिमेकडे तोंड आहे, संध्याकाळचा उजेड पाण्यावरून सरळ येतो.

निघताना घड्याळ बघावं, कारण परतीचं अंतर तेवढंच आहे आणि झाडांखाली सूर्यास्ताआधीच काळोख होतो. डोक्याला लावायची विजेरी बरोबर हवी. गाडीशी पोचल्यावर पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागच्या खळ्या, कंबर आणि केसांची मुळं तपासावीत. गोचिडी चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडी, रॉकेल काही लावू नये. लाइमचे जिवाणू अंगात उतरायला तिला साधारण दीड दिवस चिकटून राहावं लागतं. कपडे आधी ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक उष्णतेवर फिरवावेत, धुवायला नंतर टाकावेत. नुसत्या धुण्याने ती मरत नाही.